वलगणीचे मासे, भातसाचं पाणी आणि माझी एक चूक

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा. पण मृग लागायच्या आत वाचा, कारण नंतर वाचून उपयोग नाही.

आधी माझी चूक सांगतो. चार वर्षांपूर्वी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पहिला मोठा पाऊस झाला. मी एका बातमीसाठी किन्हवली बाजूला गेलो होतो. परत येताना भातसेला मिळणाऱ्या एका ओहोळाजवळ गाडी थांबवली. गढूळ पाणी दगडांवरून उड्या मारत खाली येत होतं आणि त्याच पाण्यातून मासे उलटे वर चढत होते. शिंगटी, खवली, मुऱ्या, एखादी वाम. पोटं अंड्यांनी टम्म. हाताने पकडता येतील इतके जवळ. मोबाईल काढला, मिनिटभराचा व्हिडिओ केला आणि टाकला. वर गावाचं नाव, खाली "शहापूरची वलगण सुरू, या लवकर". हेच शब्द होते. डिलीट केलंय, पण विसरलो नाही.

रात्रीपर्यंत तो व्हिडिओ कुठच्या कुठे गेला. पत्रकाराला याची नशा असते, खोटं कशाला बोलू. फोन चालूच. "भाऊ, नक्की जागा कुठली?" आणि मी सांगत होतो.

रविवारी तिथे गाड्यांची रांग लागली. कल्याण, डोंबिवली, भिवंडी, आपलेही होतेच. कुणी पाग आणले होते, कुणी मच्छरदाण्या. एकाने ओहोळाचं अख्खं तोंडच मच्छरदाणीने बांधून टाकलं. वरच्या डोहात कुणीतरी ब्लीचिंग पावडर ओतली. सोमवारी सकाळी मी परत गेलो तेव्हा काठावर बोटाएवढे मासे पांढरे पोट वर करून पडले होते. मोठे नेले, लहान टाकून दिले. बिअरच्या बाटल्या, वेफर्सची पाकिटं, फाटकी मच्छरदाणी.

जवळच्या कातकरी वाडीतले एक म्हातारे काका तिथे दगडावर बसले होते. त्यांनी मला ओळखलं. ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "पत्रकार, तुम्ही जागा सांगितलीत. आम्ही घरात पन एकमेकाला नाय सांगत."

ते वाक्य चार वर्षं डोक्यात आहे. म्हणून आज हे लिहितोय.

वलगण म्हणजे काय, हे नव्या पिढीसाठी थोडक्यात सांगतो. उन्हाळ्यात आपल्या नद्या-ओढे आटतात, मासे डोहांमध्ये गोळा होतात. पहिला जोराचा पाऊस पडला की पाणी गार होतं, गढूळ होतं, मातीचा वास येतो, प्रवाह वाढतो. ही माशांसाठी निरोपाची चिठ्ठीच. ते डोह सोडून वर निघतात. नदीतून ओढ्यात, ओढ्यातून ओहोळात, तिथून थेट भाताच्या खाचरात. उथळ पाण्यात, बुडालेल्या गवतावर अंडी घालतात.

खाचरच का? कारण तिथलं पाणी उथळ आणि उबदार असतं. वर्षभर कोरड्या पडलेल्या जमिनीवर पाणी चढलं की सुकलेलं गवत, पाला, शेण कुजायला लागतं. त्यावर डोळ्यांना न दिसणारे जीव वाढतात आणि पिल्लांचं पहिलं खाणं तेच. शिवाय मोठे शिकारी मासे तिथे सहसा पोचत नाहीत. पावसाळा ओसरला, पाणी उतरायला लागलं की वाढलेली पिल्लं पाण्याबरोबर परत नदीत. जूनमध्ये चढण, भाद्रपद-आश्विनात उतरण. भाताची शेती आणि माशाची शेती एकाच बांधात, एकाच हंगामात.

म्हणजे नदीतला मासा नदीत तयार होत नाही. तो नदी पसरते तिथे तयार होतो. ती पसरली नाही तर मासा नाही.

हे फक्त आपल्याकडचं नाही. कंबोडियात तोनले साप नावाचं तळं आहे. पावसाळ्यात मेकाँग नदीला इतका पूर येतो की तळ्यातून बाहेर वाहणारी नदी उलटी फिरून तळ्यात शिरते. उन्हाळ्यात साधारण अडीच हजार चौरस किलोमीटर असलेलं तळं पाच-सहा पट पसरतं. त्या बुडालेल्या जंगलात मासे वाढतात आणि त्यावर अख्खा देश जेवतो. वरच्या बाजूला धरणं झाल्यापासून तो पूर अशक्त झालाय आणि तिथले कोळी ओरडतायत. 1989 मध्ये वोल्फगांग युंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याची रीतसर मांडणी केली. पुराचं वर्षातून एकदा चढणं आणि उतरणं ही नदीची नाडी आहे, असं त्यांचं म्हणणं. आमच्या काकांना ते न वाचता माहीत आहे.

आता आपल्या दाराशी येऊ. भातसानगर.

भातसा धरण तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. भातसा आणि चोरणा या नद्यांचं पाणी अडवून बांधलेलं. मुंबईला सात तलावांतून पाणी जातं, त्यातलं जवळपास निम्मं एकट्या भातसाचं. पालिका रोज तलावांच्या पातळीचा तक्ता काढते. आपण वर्तमानपत्रात फक्त टक्के वाचतो. त्याच तक्त्यात दोन आकडे असतात, ते बघा. भातसा भरून वाहण्याची पातळी 142.07 मीटर. पाणी घेण्याची सर्वात खालची पातळी 104.90 मीटर. फरक 37 मीटरच्या वर. म्हणजे बारा मजली इमारत. आता तानसा बघा, 1892 चं धरण. 128.63 आणि 118.87. फरक दहा मीटरपेक्षा कमी.

या फरकाचा माशांशी काय संबंध? खूप आहे. तळ्याचा जीव काठाला असतो. उथळ पाणी, गवत, पाणवनस्पती, किडे, गोगलगायी, अंडी, पिल्लं, सगळं काठाला. काठच दर महिन्याला काही मीटर खाली सरकत असेल तर तिथे रुजणार काय? मे महिन्यात भातसानगरहून जलाशयाकडे बघा. जंगल जिथे संपतं तिथून पाण्यापर्यंत नुसता तांबडा, उघडा, भेगाळलेला उतार. तिथे पाणवनस्पती टिकत नाहीत, कारण पाण्यात राहाव्यात तर पाणी निघून जातं आणि जमिनीवर राहाव्यात तर जुलै-ऑगस्टमध्ये तीस मीटर खाली बुडतात.

मरळीचं उदाहरण घ्या. मरळ काठाच्या गवतात घरटं करते आणि पिल्लांची राखण करते. लालसर पिल्लांचा थवा आणि त्याखाली आई-बाप, हे तुमच्यापैकी अनेकांनी लहानपणी पाहिलं असेल. तिला हवा असतो काही आठवडे स्थिर राहणारा उथळ काठ. भराभर चढणाऱ्या पाण्यात घरटं खोल जातं, उतरणाऱ्या पाण्यात कोरडं पडतं. 37 मीटर हलणाऱ्या काठावर ती कुठे संसार मांडणार?

मग धरणात मासे मिळतात ते कुठले? बरेचसे सोडलेले. रोहू, कटला, मृगळ हे मासे साठलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत, त्यांना वाहता पूर लागतो. 10 जुलै 1957 ला हिरालाल चौधरी यांनी ओडिशात संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन हे मासे हौदात वितवून दाखवले. तिथून देशभर मत्स्यबीज तयार व्हायला लागलं. तो दिवस आजही राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळतात. मोठंच काम झालं, त्यावर लाखो लोकांचं पोट आहे. पण त्यामुळे एक समज रुजला की बीज सोडलं की मासा होतो. बीज विकत मिळतं रोहू-कटल्याचं. मुऱ्या, खवली, शिंगटी, वाम यांचं बीज बाजारात कोण विकतं? त्यांचं बीज म्हणजे ओहोळ आणि खाचर.

धरणाच्या खालच्या बाजूला गोष्ट उलटी आहे. एरवी उन्हाळ्यात आटून डोहांपुरती उरली असती ती भातसा आता बारा महिने वाहते. कारण मुंबईचं पाणी धरणातून नदीत सोडतात आणि खाली पिसे बंधाऱ्याशी उचलतात. वाहती नदी बघून आपल्याला वाटतं, वा! पण माशाच्या दृष्टीने मे महिना आणि जून महिना सारखाच झाला. पाणी वाढत नाही, गढूळ होत नाही. जूनचा पहिला लोंढा धरण पोटात घेतं. त्याचं कामच ते आहे, आधी रिकामं पोट भरायचं. नदीला खरा पूर दिसतो तो धरण भरून दरवाजे उघडल्यावर, अनेकदा ऑगस्टमध्ये. तोही कसा? एकदम. भोंगे वाजतात, गावांना इशारा जातो, सापगावच्या पुलाची काळजी सुरू होते. जूनमध्ये हळूहळू चढणारं पाणी हवं असतं त्या माशाला ऑगस्टमध्ये धबाबा पाणी मिळतं. अंडी घालायची वेळ निघून गेलेली असते.

म्हणून खालच्या नदीतल्या माशाला निरोप देणारं आता एकच राहिलंय, बाजूने येणारे ओढे-ओहोळ. त्यांच्यावर धरण नाही, त्यांना पहिला पाऊस अजून तसाच लागतो. पूर्वी वलगण अख्ख्या नदीत व्हायची. आता ती त्या पाच-दहा ओहोळांच्या तोंडाशी होते. आणि मी त्यातल्याच एकाचा पत्ता अख्ख्या जिल्ह्याला दिला होता.

त्या सोमवारनंतर मी काकांकडे अधूनमधून जायला लागलो. पहिल्यांदा माफी मागायला, मग ऐकायला. मी त्यांना साधा प्रश्न विचारला, "तुम्हीही वलगणीचे मासे धरताच की." ते हसले. "आम्ही काय पुण्यवान नाय. धरतो. खातो. पन एका पागानी किती जातील? रातभर पाऊस पडतो, आमी दोन घटका असतो. बाकीचं जातंच वर." मग म्हणाले, "ओहोळाचं तोंड बांधायचं नाय. आर्धं बांधलं तं आर्धं सोडायचं. आमचा बाप ह्या एका गोष्टीवरून काठी घ्यायचा."

अर्धं सोडायचं. कुठल्याही शासन निर्णयापेक्षा हे मला जास्त स्पष्ट वाटलं.

सगळं खापर मच्छरदाणीवाल्यांवर फोडलं तर तेही खोटं होईल. गेल्या दोन पावसाळ्यांत मी आपल्या भागातले ओहोळ नुसते चालत बघितले. तीन गोष्टी दिसल्या.

एक, मोऱ्या. रस्त्याखालून पाणी जायला सिमेंटचे पाईप टाकतात. खालच्या तोंडाची माती वाहून जाते आणि पाईप जमिनीपासून दोन-अडीच फूट वर लटकतो. बोटाएवढा मुऱ्या तिथे उडी मारून चढू शकत नाही. मोरीखाली मासे साचतात आणि तिथेच लोक त्यांना टोपलीने भरतात. रस्ता झाला, पाणी गेलं, माशाची वाट बंद.

दोन, बंधारे. पाणी अडवायला हवंच, त्याबद्दल वाद नाही. शहापूरच्या कितीतरी पाड्यांत धरणाच्या सावलीत राहून बायका मार्चपासून टँकरची वाट बघतात. पण सरळ उभी भिंत बांधताना एका कडेला दगडांचा उतार ठेवला तर मासा चढेल. खर्च फार नाही, फक्त कुणी सांगितलेलं नाही.

तीन, आमची स्वतःची खाचरं. तणनाशक आता गावागावात पोचलंय. चिखलणी आणि आवणीच्या वेळी फवारलेलं औषध त्याच पाण्यात जातं जिथे आठवड्यापूर्वी अंडी पडलेली असतात. मुठे कमी झाले म्हणून आपण हळहळतो, पण फवारणीचा पंप आपल्याच पाठीवर असतो.

आता कुणी म्हणेल, पत्रकार साहेब, दोन-चार माशांसाठी एवढं? मुंबईला पाणी नको का? हवं. मी मुंबईचं पाणी तोडा म्हणत नाही. 2024 च्या उन्हाळ्यात तलाव इतके खाली गेले की भातसाच्या राखीव साठ्यातून 1,37,000 दशलक्ष लिटर पाणी मुंबईसाठी मंजूर करावं लागलं. तहान खरी आहे. पण ज्याच्या घरात आठवड्यातून एकदा कांदा आणि तेल येतं त्याला पावसाळ्यातले हे चार महिने मटण, अंडी, डाळ यांच्या जागी मासे आणि मुठेच असतात. जूनमध्ये आवणीच्या आधी हातात पैसा नसतो, तेव्हा ओहोळ चूल पेटवतो. तो मासा कुठल्या आकडेवारीत नाही, कारण तो बाजारात येत नाही. म्हणून तो गेला तरी कुठे नोंद होणार नाही.

मुरबाडकरांना एक आठवण करून देतो. काळू नदीवरचं धरण 2012 मध्ये हायकोर्टाने थांबवलं, कारण वनखात्याची मंजुरी नसताना काम सुरू झालं होतं. मुंबई महानगराची तहान वाढतेय, तो विषय पुन्हा पुन्हा येणार. तेव्हा चर्चा जमिनीची होईल, जंगलाची होईल, पुनर्वसनाची होईल आणि ती व्हायलाच हवी. पण नदी पसरायची थांबली की पुढे काय होतं, ते बघायचं असेल तर तेव्हा शेजारच्या भातसेला या. काळू अजून जूनमध्ये जूनसारखी वागते.

आणि हे सगळं हातातून गेलेलंच आहे असंही नाही. गोंदिया-भंडाऱ्याकडे जुने मालगुजारी तलाव आहेत. तिथे मनीष राजनकर आणि ढिवर समाजाच्या मच्छीमारांनी तलावांचे काठ पुन्हा जिवंत केले. बेशरमाची झाडं उपटली, उन्हाळ्यात उघडी पडलेली काठाची जमीन नांगरली, स्थानिक पाणवनस्पती लावल्या. स्थानिक मासे परतले. त्यांनी काठ दुरुस्त केला आणि बाकीचं काम माशांनी केलं. भातसाचा 37 मीटरचा काठ असा दुरुस्त होणार नाही, मला कल्पना आहे. पण ओहोळ होतील. गावतळी होतील. तानसाच्या काठाचाही विचार होऊ शकतो.

तर माझं मागणं चार जणांकडे.

ग्रामसभांकडे: मृगाच्या आधी एक ठराव करा. आपल्या हद्दीतल्या ओहोळाचं तोंड पूर्ण बांधायचं नाही, मच्छरदाणी नाही, ब्लीचिंग नाही, बॅटरीचा करंट नाही. पहिल्या लोंढ्याचे दोन दिवस बाहेरच्यांना बंदी. वन हक्क कायदा 2006 च्या कलम 3 मध्ये पाण्यातल्या माशांवरचा सामूहिक हक्क स्पष्ट लिहिलाय. ज्या गावांना सामूहिक दावे मिळालेत त्यांनी तो हक्क राखणीसाठीही वापरावा.

बांधकाम करणाऱ्यांकडे: यंदा पावसाआधी लटकलेल्या मोऱ्यांखाली दगडांचा उतार लावा. एका मोरीला ट्रॅक्टरच्या दोन खेपा दगड पुरतील. यादी मी देतो, छायाचित्रांसह.

धरणाचं पाणी सोडणाऱ्यांकडे: पिसेला पाणी जाणारच आहे. बाजूचे ओढे पहिल्यांदा फुगतील त्या एक-दोन दिवसांत धरणातलं सोडणं थोडं वाढवून पुढच्या दिवसांत तेवढंच कमी करता येईल का? एकूण पाणी तेवढंच, फक्त नदीला जून आल्याचं कळेल. शक्य नसेल तर का नाही ते सांगा. पण एकदा माशाचा विचार करून उत्तर द्या.

आणि चौथं मागणं माझ्यासारख्यांकडे, मोबाईलवाल्यांकडे. व्हिडिओ करा, बघा, आनंद घ्या. जागा टाकू नका. लोकेशन बंद ठेवा. "कुठे आहे हे?" विचारलं तर "पाण्यात" एवढंच सांगा.

परवा काकांना भेटून आलो. म्हातारे थकलेत, नजर कमी झालीय. त्या ओहोळाचं विचारलं. म्हणाले, "गेल्या साली बारीक बारीक दिसली थोडी. येतील. पानी त्यांना बोलावतं, आपन मधी नाय उभं राहायचं."

यंदा पहिल्या पावसात मी तिथे असेन. मोबाईल घरी ठेवून. पाटीलकी करायला नाही, नुसतं अर्धं तोंड उघडं आहे ना, ते बघायला. कुणाला यायचं असेल तर फोन करा. पाग आणू नका, छत्री आणा.

तुमच्या ओहोळात लहानपणी कुठकुठले मासे यायचे ते खाली लिहा. नावं लिहा, तुमच्या घरातल्या बोलीतली. गावाचं नाव लिहू नका.